एका ओळीची पुरशिस

शेवंता वडतिलेचा काटा नऊ पडला.

मांडवे तालुका कोर्टाच्या आवारात हे वाक्य म्हणजे मयताची बातमी. दावा दाखल व्हायच्या आधीच मेला, एवढाच त्याचा अर्थ. नोंदणीच्या खिडकीतल्या कारकुनानं तिचे कागद दोन बोटांच्या चिमटीत धरून बाहेर सरकवले आणि तिच्याकडे न बघताच पुढच्याला हाक मारली.

खिडकीशेजारच्या बाकावर कोष्टी वकील बसले होते. वामन कोष्टी, वय चौसष्ट. कोट कोपरांवर करडा पडलेला, चष्म्याची एक दांडी दोऱ्यानं बांधलेली. एकोणचाळीस वर्षं या आवारात काढल्यावर माणसाला घाई कसलीच राहत नाही. शेवंता कागद घेऊन थेट त्यांच्यापुढे उभी राहिली.

"नऊ म्हंजी चांगलं का वाईट, वकीलसायेब?"

"शंभरातले नऊ."

"म्हंजी नऊ जनं जिंकत्यात की!"

"आणि एक्याण्णव हरतात, शेवंताबाई."

"मग आपुन त्या नवातलं," ती म्हणाली आणि बाकावर टेकली.

वामनराव हसले नाहीत. हसायलाही ताकद लागते.

शेवंता जातीनं बुरूड आणि कामानंही. बुरूडगल्लीच्या टोकाला तिचं घर आणि मागं परडं. परड्यात ती आणि तिच्या दोन जावा बांबू चिरून सुपं, रोवळ्या, कोंबड्यांची डालगी करायच्या. पण खरं पोट चालायचं ते शिड्यांवर आणि मांडवाच्या तट्ट्यांवर. त्यासाठी अख्खा बांबू लागतो. पुढची गल्ली दोनदा काटकोनात वळते आणि दोन्ही वळणांवर भिंती. परड्यात अख्खा बांबू यायचा तो मागच्या सरळ बोळातून. चार फूट रुंद, शंभर फूट लांब. दोन महिन्यांपूर्वी मागच्या जागेचा मालक शिंगटे यानं तिथं लग्नाचं लॉन थाटलं, बोळाच्या तोंडाला लोखंडी फाटक बसवलं आणि वर कुलूप. बोळ आता जनरेटर ठेवायला.

"इस फुटाचा बांबू वळत न्हाई, सायेब. मानूस वळतंय, बांबू न्हाई," शेवंता म्हणाली. "तोडून आनला तर सुपं हुत्यात. सुपावर तीन बायकांचं पोट भरत न्हाई."

"दुसरा वकील बघा, बाई."

"समद्यांनी नऊ बघूनच हात जोडलं. तुमी तर कागद हातात बी घेतला न्हाई."

ते खरं होतं.

*

काट्याची गोष्ट सांगायला हवी, कारण ज्यांना कोर्टाची पायरी चढावी लागलेली नाही त्यांना तो न्याय करणारं यंत्र वाटतो. सरकारी नाव लांबलचक होतं. लोकांनी उसाच्या वजनकाट्यावरून साधं नाव ठेवलं, काटा.

राज्यातल्या सगळ्या दिवाणी कोर्टांची जुनी दप्तरं उपसून, धूळ झटकून, पान न पान यंत्राला वाचायला दिलं होतं. शंभर वर्षांचे दावे. नवा दावा आला की काटा त्याच्यासारखे जुने दावे हुडकतो: तोच तालुका, तसाच वाद, तसलाच पुरावा, साक्षीदारांची वयंसुद्धा. मग त्यातले शंभरातले किती वादी जिंकले ते सांगतो. बस. खरं काय, खोटं काय, बोळ कुणाचा, हे त्याला ठाऊक नसतं आणि तो तसा दावाही करत नाही. फाइलीच्या शेवटच्या पानावर जी ओळ लिहिली असेल, तेवढंच त्याला कळतं.

सहा वर्षांपूर्वी या आकड्याला खर्चाचे नवे नियम जोडले. हेतू चांगला होता. हेतू नेहमी चांगलाच असतो. तीस-तीस वर्षं रेंगाळणारे खोटे दावे, भावाला छळायला टाकलेले दावे, यांनी कोर्टं तुंबली होती हे खोटं नव्हे. म्हणून ठरलं: काटा पंधराच्या खाली असेल तर वकिलानं स्वतःचं हमीपत्र भरायचं. दावा हरला तर समोरच्याच्या खर्चाचा निम्मा भाग वकिलाच्या खिशातून, आणि सनद वर्षभर खुंटीला. वकील नीट विचार करून दावे घेतील, असं नियम करणारे म्हणाले. वकिलांनी विचार केला आणि पंधराच्या खालचं एकही वकीलपत्र घ्यायचं सोडलं.

पुढचं कुणालाही कळलं असतं, पण विचारतो कोण. वकील नाही म्हणून दावा उभा राहीना. उभा राहिलाच तर दुसऱ्या तारखेला बोऱ्या वाजे. काटा दर तीन महिन्यांनी नवे निकाल गिळायचा आणि शिकायचा की असले दावे हरतात. आकडा आणखी खाली. वकील आणखी लांब. रोग्याला दवाखान्यात घ्यायचंच नाही आणि तो मेला की वहीत लिहायचं, या रोगाचा माणूस वाचत नाही. वहिवाटीचे दावे, मुलींच्या वाटणीचे दावे, कागद नसलेल्या माणसांचे सगळेच दावे असे एकेक करून मेले. आणि वर्तमानपत्रांनी छापलं: प्रलंबित खटल्यांत विक्रमी घट.

*

"सासऱ्यांचा दावा तुमीच चालवलावता," शेवंता उठता उठता म्हणाली. "ह्याच बोळाचा. म्या नवी नवरी हुते तवा. म्हनून तुमच्याकडं आले. न्हाईतर मला काय, वकिलांचा दुष्काळ हाय व्हय?"

वामनरावांना काही आठवेना. हजारो दावे. तिनं काट्याचं कारणपत्रक त्यांच्या मांडीवर टाकलं आणि ती गेली. दुपारी जेवून ते पडवीत खुर्चीवर बसले आणि केवळ सवयीनं त्यांनी ते वाचायला घेतलं.

कारणपत्रक म्हणजे काट्यानं आकडा कशावरून काढला त्याची यादी. सेहेचाळीस जुने दावे, सगळे मांडवे तालुक्यातले, सगळे वाटेचे नि वहिवाटीचे. पहिल्या ओळीपुढे शेरा होता, 'सर्वाधिक भार'. गोपाळ वडतिले विरुद्ध शिंगटे, सन २००३. वादीने दावा चालवला नाही. वादी अपयशी.

वामनरावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. दोरा कानात टोचला.

आता आठवलं. गोपाळ बुरूड, उंच, तोंडात कायम बांबूची काडी. त्याच बोळाचं भांडण, आताच्या शिंगट्याच्या बापाशी. तेव्हाही दावा पडून राहिला असता. पण मांडव्याच्या बारची एक रीत होती. चौथ्या-पाचव्या तारखेला दोन्हीकडचे वकील बाररूममागच्या टपरीवर बसत. चहा येई. पक्षकारांना बोलावून तोंडावर दोन गोष्टी सुनावल्या जात. मग सगळे मिळून जागेवर जात, गावातली चार माणसं उभी करत आणि जमिनीवर चुन्याची रेघ मारत: इथून तुझं, इथून त्याचं. बोळ गोपाळला मिळाला. त्यानं रेघेवर नारळ फोडला.

पण ही तडजोड कोर्टाच्या कागदावर आणायची म्हणजे हुकूमनामा, मुद्रांक, नोंदणी, सगळ्या भाऊबंदांच्या सह्या. सहा महिने आणि डोक्याला ताप. त्यापेक्षा वादीच्या वकिलानं दुसऱ्या दिवशी कोर्टात एका ओळीची पुरशिस द्यायची, म्हणजे साधं निवेदन: 'वादीस सदर दावा चालवावयाचा नाही.' दावा निकाली. सगळे खूश. यात पाप आहे असं कुणाच्या मनालाही शिवलं नाही. उलट वकील छाती फुगवून सांगत, आम्ही गरिबाचा मुद्रांक वाचवला.

वामनराव यादीत खाली सरकले. कमळाबाई लोहार. अरे, हिला तर विहिरीची वाट मिळाली, आजही तिची सून तिथूनच घागर आणते. वादी अपयशी. नबीलाल अत्तार, दुकानामागचा जिना. मिळाला होता. वादी अपयशी. दगडू न्हावी. वादी अपयशी. पेन्सिलनं खुणा करत गेले. सेहेचाळिसातले एकतीस दावे त्यांच्या स्वतःच्या हातच्या पुरशिशीनं संपले होते. एकतीस माणसं चालत घरी गेली होती आणि कागदावर एकतीस मुडदे पडले होते.

"काय झालं?" विमलताई आतून आल्या. बत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. दोन्ही गुडघे गेलेले, त्यामुळे चालणं भिंत धरून. "चेहरा का असा?"

"काटा चुकत नाहीये गं," वामनराव म्हणाले. "आम्हीच त्याला खोटं शिकवलंय."

*

नियमात एक पळवाट नव्हे, चांगली सरळ वाट होती, जिच्यावरून कुणी चालत नव्हतं: नोंददुरुस्तीचा अर्ज. जुना निकाल कागदावर चुकीचा नोंदला गेला असेल तर दोन्ही बाजूंच्या वकिलांनी प्रतिज्ञापत्र द्यायचं. काटा तो दावा नव्यानं मोजतो. एकाच बाजूनं दिलं तर निम्मा भार. अडचण एवढीच की प्रतिज्ञापत्रात लिहावं लागतं, आम्ही तडजोड लपवली, मुद्रांक चुकवला, कोर्टापुढे अपुरं निवेदन केलं. असं स्वतःच्या सहीनं लिहून देणारा वकील सनद हातात घेऊन घरी जात नाही.

एकतिसांपैकी बहुतेक दाव्यांत समोरचे वकील होते शहाजीराव घोरपडे. आणि आता शिंगट्याच्या लॉनचेही तेच वकील.

शहाजीराव टपरीवर भेटले. टपरी तीच, फक्त चहावाला मरून त्याची मुलगी बसत होती.

"ये कोष्टी. बस. चेहऱ्यावर तेरावं दिसतंय."

वामनरावांनी यादी पुढे ठेवली. शहाजीरावांनी ती वाचली. त्यांना वाचायला वेळ लागला नाही. त्यांचं डोकं अजून लखलखीत होतं.

"च्यायला," ते हळू म्हणाले. मग यादी घडी करून परत दिली. "जाळून टाक."

"मी जाळून काय होणार? ती यंत्रात आहे."

"मग राहू दे तिथं."

"शहाजी, गोपाळ बुरुडाच्या बोळात तू उभा होतास. सही कर. दोघांनी दिलं तर काटा चाळिसावर जाईल तिचा."

"तिचा जाईल वर आणि माझा जाईल खाली. मी शिंगट्याचा वकील आहे रे बाबा! स्वतःच्या अशिलाविरुद्ध प्रतिज्ञापत्र करू? आणि घरात सून वकील झालीय यंदा. तिच्या कोटाला कडक इस्त्री आहे अजून. तिला काय सांगू, सासरा मुद्रांकचोर?"

"चोर कशाला, आपण तर…"

"आपण तर काय? पुण्य केलं?" शहाजीरावांचा आवाज चढला, टपरीवरच्या माणसांनी माना वळवल्या. त्यांनी तो खाली घेतला. "केलं, तेव्हा केलं. त्या वेळी कागद वाचायला माणसं होती, वामन्या. न्यायाधीशालाही ठाऊक असायचं, पुरशिस आली म्हणजे चुन्याची रेघ पडली. आता वाचणारं दुसरं आहे. त्याला चुना दिसत नाही. त्यात आपला काय दोष?"

"दोष नाही म्हणून तिची वाट उघडणार आहे का?"

"तुझी आठ महिन्यांत पासष्टी. कल्याण निधी मिळेल, वहिनींच्या गुडघ्यांचं होईल. गप घरी बस. दमलायस तू."

"दमलोय," वामनराव म्हणाले. ते त्यांना कबूलच होतं. त्यांनी चहा संपवला नाही. एकोणचाळीस वर्षांत पहिल्यांदा.

*

निधीची गोष्ट खरी होती. पासष्टीला स्वच्छ सनद जमा करणाऱ्या वकिलालाच निधी मिळतो. डाग पडलेल्याला नाही. त्यावर विमलताईंच्या दोन गुडघ्यांचं ऑपरेशन ठरलं होतं. मिरजेच्या डॉक्टरांनी महिनाही सांगितला होता.

वामनरावांनी सगळं बायकोला सांगितलं. सांगताना त्यांनी एकदाही वर पाहिलं नाही.

विमलताईंनी सुपातले तांदूळ पाखडले. मग म्हणाल्या, "म्हणजे तुम्ही विचारताय की सांगताय?"

"विचारतोय."

"खोटं. विचारणारा माणूस आधी यादीवर पेन्सिलीच्या खुणा करून आणत नाही." त्यांनी एक खडा वेचून फेकला. "माझ्या शाळेत एक मास्तर होते. पोरांच्या पेपरांवर ढकलपास म्हणून नुसते पस्तीस टाकायचे, चाळीस मिळवणाऱ्यालाही पस्तीस. बेरीज करायचा कंटाळा. पोरं पास झाली, कुणी ओरडलं नाही. पुढे एका पोरीला नोकरीला चाळीस हवे होते. ती मास्तरांच्या दारात आली, तर मास्तर म्हणाले, आता मी निवृत्त झालो."

"मग?"

"मग काय. पुढं एका लग्नाच्या पंगतीत मी त्यांना वाढलं नाही. तशीच पुढच्या पानावर गेले." विमलताईंनी सूप खाली ठेवलं. "पण एवढं ऐकून ठेवा. मला राग आलाय. तुमचा. गुडघे माझे आहेत, पुण्य तुमचं. मी तुम्हाला जा म्हणणार नाही आणि अडवणारही नाही. पण मी थोर आहे असं कुठं सांगत फिरू नका. मला दुखतं."

वामनरावांना वाटलं, तिनं अडवलं असतं तर बरं झालं असतं. घरी बसायला कारण मिळालं असतं.

प्रतिज्ञापत्र लिहायला चार दिवस लागले. एकतीस दावे, एकतीस जागा, कुणाला काय मिळालं, रेघ कुठं पडली. शहाजीरावांचं नाव त्यांनी कुठंही लिहिलं नाही. 'समोरील वकील' एवढंच. जिथं आठवलं नाही तिथं स्वतः जाऊन बघून आले. कमळाबाईच्या सुनेनं विहिरीवर पाणी दिलं आणि विचारलं, "आबा, आमची वाट काढून तर घेनार न्हाई ना?" त्यांनी मान हलवली. वाट होती. कागदावर नव्हती. उद्या कुणी फाटक बसवलं तर तिचाही काटा नऊच पडणार होता.

अर्ज दाखल झाला त्याच आठवड्यात वकील परिषदेची नोटीस आली आणि पंधरवड्यात सनद स्थगित झाली. बाररूममध्ये त्यांच्या खुर्चीवर कुणीतरी हेल्मेटं ठेवायला लागलं. मांडव्यातला एकेक वकील धास्तावला होता, कारण पुरशिशी सगळ्यांनीच लिहिल्या होत्या. "म्हातारपणी देव आठवला," एक म्हणाला. "स्वतः बुडाला आणि टपरी घेऊन बुडाला," दुसरा म्हणाला.

काट्यानं एका बाजूचं प्रतिज्ञापत्र गिळलं, निम्म्या भारानं मोजलं, आणि शेवंता वडतिलेचा आकडा बदलला.

सतरा.

*

सतराचा अर्थ फार मोठा नव्हता, पण पंधराच्या वर होता. हमीपत्र नको. तरीही कोष्टी वकिलानं सुरू केलेल्या दाव्याला हात लावायला कुणी तयार होईना. शेवंता स्वतःच उभी राहिली. वामनरावांनी तिला घरी बसवून दावा लिहून दिला, सही तिची.

नियमांत दुसरंही एक कलम होतं. दावा पंधराच्या वर असताना प्रतिवादीनं तडजोड झिडकारली आणि पुढे तो हरला तर दुप्पट खर्च. शिंगटे हिशेबी माणूस होता. काटा एका झटक्यात नवावरून सतरावर गेला, मग उद्या कुठं जाईल याचा त्याला भरवसा राहिला नाही. लग्नसराई तोंडावर. तिसऱ्याच तारखेला निरोप आला: फाटक काढतो, बोळ मोकळा. जनरेटर दुसरीकडे.

त्या दिवशी वामनराव कोर्टात मागच्या बाकावर बसले. अंगात कोट नव्हता. साधा सदरा. आपण कुणाच्या तरी लग्नात आमंत्रणाशिवाय आलोय असं त्यांना वाटत होतं.

न्यायाधीश कळंत्रे बाईंपुढे त्या दिवशी ऐंशी प्रकरणं होती. शहाजीराव उठले. "तडजोड झाली आहे. वादी दावा मागे घेत आहेत."

टेबलावरचा पडदा शेवंतापुढे वळवला गेला. पडद्यावर दोन चौकोन. 'दावा मागे घेतला.' 'पुढे चालू.' शिरस्तेदार म्हणाले, "बाई, पहिल्यावर अंगठा ठेवा. झालं."

शेवंतानं पडद्याकडे पाहिलं. मग मागे वळून वामनरावांकडे. ते काहीच बोलू शकत नव्हते. बोलायची सनद नव्हती.

तिनं दोन्ही हात पदराखाली घेतले.

"न्हाई ठेवत."

"म्हणजे? तडजोड मान्य नाही?" कळंत्रे बाईंनी विचारलं.

"मान्य हाय की, बाईसायेब. वाट मिळाली, मी कशाला भांडू. पर हितं लिवलंय मागं घेतला. मी मागं कुटं घेतला? मी तर पुढं नेला." कोर्टात कुणीतरी हसलं. शेवंता हसली नाही. "मागल्या टायमाला सासऱ्यांनी अशीच एक वळ लिवून दिली. त्या एका वळीनं माजी वाट गेली. आता समदं लिवा. बोळ चार फूट, लांबी शंभर, फाटक काढनार, कुनी काढनार, कवा काढनार."

"मग तडजोडीचा हुकूमनामा होईल. मुद्रांक भरावा लागेल, नोंदणी करावी लागेल."

"भरते. तीन महिनं सुपंच करतोय, अजून तीन करू."

कळंत्रे बाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, पुढच्या अठ्ठ्याहत्तर फाइलींकडे पाहिलं, आणि पेन उचललं. त्यांनीही हे बऱ्याच दिवसांत केलं नव्हतं. "सांगा. लिहून घेते."

"आनि मागचं बी लिवा, बाईसायेब. तवा बी वाट दिलीवती. हे वकील तितंच हुते," शेवंतानं शहाजीरावांकडे बोट केलं. "चुना ह्यांच्याच जीपमधनं आलावता. मी खिडकीतनं बगत हुते. ह्यांच्या पायातल्या पांढऱ्या चपला चुन्यानं अजून पांढऱ्या झाल्यावत्या."

शिंगट्यानं आपल्या वकिलाची बाही ओढली.

"घोरपडे," कळंत्रे बाई म्हणाल्या, "या आज तडजोडीचा भाग म्हणून हे लिहायला सांगताहेत. मला विचारणं भाग आहे. हे खरं आहे का?"

शहाजीरावांना नाही म्हणता आलं असतं. आठवत नाही म्हणता आलं असतं. सदुसष्टाव्या वर्षी त्याला कुणी हसत नाही. मागच्या रांगेत त्यांची सून कडक कोट घालून बसली होती. ते तिच्याकडे वळले नाहीत. त्यांनी मागच्या बाकावरच्या सदऱ्याकडे पाहिलं, दोऱ्यानं बांधलेल्या चष्म्याकडे.

"होय," ते म्हणाले. "होय. चुना माझ्याच जीपमधून आणला होता. बोळ गोपाळ वडतिले यांना दिला होता. पुरशिस आम्ही दोघांनी मिळून ठरवली."

बाईंनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं.

*

पुढच्या सोमवारी फाटक निघालं. पहिला बांबू बोळातून सरळ परड्यात गेला, एका टोकाला शेवंता, दुसऱ्या टोकाला तिची जाऊ. कुणी नारळ फोडला नाही. वेळ नव्हता; दोन शिड्यांची मागणी खोळंबली होती.

संध्याकाळी शेवंता कोष्ट्यांच्या घरी आली. हातात नवं कोरं सूप, कडेला तांबड्या चिव्याच्या, बारीक बांबूच्या काड्यांची नक्षी. तिनं ते विमलताईंच्या पायाशी ठेवलं.

"सुपानं गुडघा वाकतो का गं?" विमलताई म्हणाल्या.

"न्हाई वाकत, बाई."

"मग ठेव. तांदूळ तरी निवडीन." त्यांनी सूप उचलून उजेडात धरलं, वीण बोटांनी चाचपली. "बरं विणलंयस."

मिरजेच्या डॉक्टरांना नको म्हणून कळवलं होतं. वामनराव रोज सकाळी त्यांच्या गुडघ्यांना तेल चोळत. विमलताई त्या वेळी त्यांच्याशी बोलत नसत; पण पाय मात्र पुढे करत.

शेवंता गेली आणि अंगणाच्या दाराशी गाडी थांबली. शहाजीराव उतरले. काखेत जुन्या वकिली डायऱ्यांचा गठ्ठा, सुतळीनं बांधलेला. रोजच्या तारखा, पक्षकारांची नावं, सगळं त्यात. ते पायरीवर बसले. आत या म्हणायची वाट बघितली नाही.

"नोटीस आली मलाही," ते म्हणाले. "सून बोलत नाही. शिंगट्यानं वकील बदलला. आता मला काही काम नाही."

"मग इथं काय?" वामनराव म्हणाले.

"तुझ्या यादीत एकतीस आहेत. डायऱ्या चाळल्या रात्रंदिवस. एकतीस नाहीत, वामन्या. एकशे चौऱ्याऐंशी आहेत." त्यांनी गठ्ठा पायरीवर ठेवला. सुतळी तुटली आणि डायऱ्या घसरत अंगणात आल्या. दोघांपैकी कुणी वाकलं नाही. दोघांच्याही कमरेत दम नव्हता. "चारदोन महिने जातील. सगळ्या जागा बघाव्या लागतील. बसून ठरवू, कुठून सुरू करायचं. वहिनी, चहा टाका तेवढा."

विमलताई भिंत धरून आत गेल्या. स्टोव्ह पेटल्याचा आवाज आला. पण बाहेर येताना त्यांच्या हातात चहा नव्हता. शंभरपानी वही होती, आणि शाळेतलं तांबडं पेन.

"चहा मिळेल," त्या खुर्चीत बसत म्हणाल्या. "पण ह्या वेळी चहावर जे ठरेल, ते मी लिहून घेणार. पूर्ण. बोला, पहिलं नाव कुणाचं?"